इंग्रजीचा मास्तर, ग्यान्त्से आणि इटियाडोह

आयटीत चार-पाच वर्षं काढलेल्या बहुतेक मंडळींच्या डोक्यात एक 'प्लॅन बी' असतो. कुणाला कोकणात जमीन घेऊन आंबे लावायचे असतात, कुणाला कॅफे काढायचा असतो. आमच्या ऑफिसातल्या एका मित्राचा प्लॅन जरा वेगळा होता. राजीनामा टाकायचा, कोरियात किंवा व्हिएतनाममध्ये जायचं, तिथल्या एखाद्या खाजगी क्लासमध्ये पोरांना इंग्रजी शिकवायचं, उरलेल्या वेळात हिंडायचं. पठ्ठ्याचं इंग्रजी फर्स्टक्लास. पहिलीपासून इंग्रजी माध्यम, आणि बोलायला लागला की गोरा क्लायंटसुद्धा गप्प ऐकून घेतो. पण एक-दोन जाहिराती वाचल्यावर त्याचा चेहरा उतरला. कोरियात इंग्रजी शिकवण्यासाठी जो व्हिसा मिळतो तो मुळात सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका. २०१० साली भारत-कोरिया आर्थिक करार लागू झाला तेव्हा शिक्षकाची पदवी असलेल्या भारतीयांना शाळांत सहाय्यक शिक्षक म्हणून येण्याची एक फट उघडली, पण खाजगी क्लासच्या जाहिरातीत 'नेटिव्ह स्पीकर' हे दोन शब्द कायम राहिले.

मित्राचं पुढे काय झालं ते सोडा (तो अजून आमच्यासोबतच आहे, आंब्यांकडे वळलाय). पण मला प्रश्न पडला की हा 'परदेशी जाऊन इंग्रजी शिकवणारा मास्तर' नावाचा प्राणी आला कुठून? त्याला बोलावतं कोण, आणि हाकलतं कोण? शोधत शोधत जिथे येऊन पोचलो ते ठिकाण आहे गोंदिया जिल्ह्यातलं इटियाडोह. हसू नका. संबंध आहे, सांगतो.

धरणाच्या काठावरचे तिबेटी

इटियाडोह म्हणजे अर्जुनी मोरगाव तालुक्यात गाढवी नदीवर बांधलेलं मातीचं धरण. १९७० च्या सुमारास पूर्ण झालं. झाडीपट्टीतलं हे पाणी कालव्यांनी पार गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा-आरमोरीपर्यंत धानाच्या बांध्यांत जातं. गोंदिया-बल्लारशा लाईनवर अर्जुनीला उतरायचं. जवळच प्रतापगड आहे, तिथे महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. पलीकडे नवेगावबांध, म्हणजे मारुती चितमपल्लींच्या वाचकांचं तीर्थक्षेत्र.

आणि याच धरणाच्या परिसरात, गोठणगावजवळ, १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची एक वसाहत आहे. तिचं नाव नॉर्ग्येलिंग. तेव्हा हा सगळा भाग भंडारा जिल्ह्यात होता, गोंदिया वेगळा झाला १ मे १९९९ ला. मध्य भारतात अशा तीन वसाहती वसल्या: छत्तीसगडात मैनपाट, ओडिशात चंद्रगिरी आणि महाराष्ट्रात ही एक. धानाची शेती, गोम्पा, वाऱ्यावर फडफडणाऱ्या पताका, आणि मे महिन्यात पंचेचाळीस डिग्री. चार हजार मीटरवरच्या माणसांना विदर्भाचा उन्हाळा! हिवाळा आला की तिबेटी स्वेटरवाले शहरांत दुकानं लावतात. नागपूरला शिकलेल्या प्रत्येकाने त्यांच्याकडून एकदा तरी घासाघीस करून स्वेटर घेतलेला असतो.

या वसाहतींमधल्या पोराला साधारण चार भाषा येतात. घरी तिबेटी, बाहेर हिंदी, बाजारात मराठी आणि शाळेत इंग्रजी. यातली इंग्रजी आपल्याला अगदी साहजिक वाटते, कारण भारतात शाळा म्हटली की इंग्रजी आलीच. पण तिबेटी समाजाने इंग्रजीच्या मास्तराला एकदा नाही, दोनदा परत पाठवलं होतं. ती गोष्ट आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे.

आधी धंदा समजून घेऊ

तिबेटकडे जाण्याआधी या मास्तरकीचा धंदा कसा उभा राहिला ते बघू. १८७८ साली अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स गावी मॅक्सिमिलियन बर्लिट्झ नावाच्या गृहस्थाने भाषेची शाळा काढली. त्याने फ्रेंच शिकवायला निकोलस जोली नावाचा एक सहाय्यक नेमला. तो आल्यावर कळलं की त्याला इंग्रजीचा गंध नाही. तेवढ्यात बर्लिट्झ आजारी पडला, आणि वर्ग बिचाऱ्या जोलीच्या गळ्यात पडला. तो वस्तू दाखवून, हातवारे करून फ्रेंचमध्येच बोलत राहिला. काही आठवड्यांनी बर्लिट्झ उठून बघतो तर पोरं मस्त फ्रेंच बोलतायत! यातून 'बर्लिट्झ पद्धत' जन्मली, म्हणजे वर्गात फक्त शिकायची भाषा, भाषांतर बंद. ही कंपनीची स्वतःची आवडती दंतकथा आहे, त्यामुळे थोडं मीठ लावून घ्या. पद्धत मात्र खरी आहे आणि जगभर पसरली.

आता इंजिनिअरच्या नजरेने बघा. भाषांतर बंद केलं की मास्तराला विद्यार्थ्याची भाषा येण्याची गरजच उरली नाही. म्हणजे एकच मास्तर माद्रिदला चालेल, बर्लिनला चालेल, ओसाकालाही चालेल. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्ट स्केलेबल झालं. साखळी शाळा निघाल्या. या साखळीतला सगळ्यात प्रसिद्ध मास्तर म्हणजे जेम्स जॉइस. १९०४ साली खिसा रिकामा असलेला हा तरुण पोला नावाच्या बंदरातल्या बर्लिट्झ शाळेत इंग्रजी शिकवायला लागला, आणि १९०५ मध्ये त्रिएस्तच्या शाखेत गेला. दोन्ही गावं तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होती. विसाव्या शतकातला एक थोर कादंबरीकार दिवसभर आरमाराच्या अधिकाऱ्यांना आणि व्यापाऱ्यांना इंग्रजी वाक्यं घोकवत होता.

पण त्याच निर्णयाची दुसरी बाजू अशी की मास्तराची लायकी त्याच्या जन्मावर ठरायला लागली. 'तो शिकवतो कसा' यापेक्षा 'तो आहे कुठला' हे महत्त्वाचं झालं. माझ्या मित्राला अडवणाऱ्या त्या दोन शब्दांचं मूळ बऱ्याच अंशी इथे आहे.

आणि हा धंदा किती ठिसूळ आहे तेही बघा. जपानमधली 'नोव्हा' ही इंग्रजी क्लासची सगळ्यात मोठी साखळी ऑक्टोबर २००७ मध्ये कोसळली. हजारो परदेशी शिक्षक एका झटक्यात बिनपगारी झाले आणि काही जण तर जेवणाच्या बदल्यात शिकवू लागले. चीनने जुलै २०२१ मध्ये खाजगी शिकवण्यांवर निर्बंध आणले आणि चीनबाहेर बसून ऑनलाईन शिकवणाऱ्या शिक्षकांचा एक अख्खा बाजार जवळजवळ बंद पडला. थोडक्यात, मास्तर कितीही चांगला असो, वर्गाच्या दाराची किल्ली त्याच्या खिशात नसते.

आपल्याकडचं एक उदाहरण

किल्ली कुणाकडे असते याचं एक मराठी उदाहरण आहे आणि ते फार बोलकं आहे. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. संस्कृतमध्ये त्यांचा अधिकार एवढा की कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना १८७८ मध्ये 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या होत्या. इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८४ पासून चेल्टनहॅम लेडीज कॉलेजमध्ये त्या शिकत होत्या आणि शिकवतही होत्या. म्हणजे एक मराठी बाई परदेशात, खाजगी संस्थेत, भाषेची शिक्षिका! एकोणिसाव्या शतकात!

पुढे प्रश्न निघाला की त्यांनी तरुण पुरुषांना भारतीय भाषा शिकवाव्यात का. कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील यांना त्यात वावगं वाटत नव्हतं. पण भारतातल्या चर्चमधल्या बिशप लोकांनी आक्षेप घेतला. का, तर एका हिंदुस्थानी बाईने पुरुषांना शिकवलं तर भारतात तिची प्रतिष्ठा जाईल म्हणे! रमाबाईंनी पत्रांमधून सडेतोड विचारलं की माझ्या वतीने हे ठरवणारे तुम्ही कोण. भारतभर फिरून हजारो पुरुषांसमोर त्यांनी व्याख्यानं दिली होती. तिथे चाललं, इथे चालेना. ज्ञान होतं, विद्यार्थी होते, संस्था तयार होती, पण दार उघडणारा हात तिसऱ्याचाच होता.

आपल्या लोकांनी परदेशात भाषा शिकवली त्याची इतरही उदाहरणं आहेत. धर्मानंद कोसंबी १९२९ मध्ये लेनिनग्राडला पाली शिकवायला गेले. पण विषय भरकटतोय, तिबेटकडे येऊ.

चार पोरं आणि बस फॅक्टर

१९०३-०४ मध्ये यंगहजबंडची ब्रिटिश फौज तिबेटात घुसली, ग्यान्त्सेचा किल्ला पडला आणि ल्हासात तह झाला. ग्यान्त्सेला ब्रिटिशांचा व्यापारी प्रतिनिधी बसला. पुढे १९१० मध्ये चिनी फौज ल्हासात आली, तेरावे दलाई लामा दार्जिलिंगला पळाले आणि तिथे त्यांची चार्ल्स बेल या इंग्रज अधिकाऱ्याशी चांगली दोस्ती जमली. जगाची भाषा येत नसेल तर आपलं म्हणणं दुसराच कुणीतरी मांडतो, हे या माणसाने स्वतः अनुभवलं होतं.

म्हणून १९१३ मध्ये चार तिबेटी मुलं इंग्लंडला रवाना झाली आणि रग्बी स्कूलमध्ये दाखल झाली. प्रत्येकाला वेगवेगळं शिक्षण द्यायचं ठरलं: खाणकाम, सैन्य, तारयंत्र-मोजणी आणि वीज. यातला रिंगांग हा आपला माणूस, म्हणजे इलेक्ट्रिकलवाला. परत येऊन त्याने १९२० च्या दशकात ल्हासाजवळ एक छोटं जलविद्युत केंद्र उभारलं. यंत्रसामग्री भारतातून हिमालयाच्या खिंडी ओलांडून माणसांच्या आणि खेचरांच्या पाठीवर नेली. त्याकाळच्या ल्हासात बल्ब पेटवणं हे काय दिव्य असेल याची कल्पना करा.

पण चार म्हणजे चारच. एक तर तरुणपणीच गेला. बाकीच्यांना परत आल्यावर आपल्या शिक्षणाचा पुरता उपयोग करून देणारी व्यवस्था मिळाली नाही. आपल्या धंद्यात 'बस फॅक्टर' नावाची कल्पना आहे ना, टीममधले किती लोक बसखाली आले तर प्रोजेक्ट बंद पडेल? तिबेटच्या आधुनिकीकरणाचा बस फॅक्टर होता एक. वीजवाला एक, तारवाला एक. चार हुशार पोरं परदेशी पाठवून देश बदलत नाही, त्यासाठी घरात शाळा लागते.

ग्यान्त्सेचा मास्तर

ही गोष्ट तिबेटी सरकारलाही कळत होती. तिबेटात इंग्रजी शाळा काढायची कल्पना १९१३-१४ च्या सिमला परिषदेच्या वेळीच निघाली होती. प्रत्यक्षात यायला दहा वर्षं गेली. तिबेटी सरकारच्या विनंतीवरून १९२३ मध्ये फ्रँक लडलो नावाचा मास्तर ग्यान्त्सेला आला. केंब्रिजचा पदवीधर, कराचीच्या कॉलेजात शिकवलेला, पहिल्या महायुद्धात लढलेला, नंतर शिक्षण खात्यात. वय अडतीसच्या आसपास. ग्यान्त्से समुद्रसपाटीपासून सुमारे ४,००० मीटर उंचीवर. विद्यार्थी वीस-तीसच, बहुतेक सरदार-अधिकाऱ्यांच्या घरचे. इंग्रजी, गणित आणि अर्थातच फुटबॉल.

लडलोची केस बर्लिट्झ-मास्तरांपेक्षा वेगळी होती. त्याला तिथल्या सरकारने बोलावलं होतं. शाळा म्हणजे साखळीतली एक शाखा नव्हती, ती त्या देशातली एकमेव होती. आणि पुढचा प्रश्न बाजाराचा नव्हता, देशाचा होता. उद्या तिबेटचं सैन्य, टपाल, तार, परराष्ट्र व्यवहार चालवणारी माणसं या वर्गातून निघायची होती.

निघाली नाहीत. १९२६ मध्ये, म्हणजे जेमतेम तीन वर्षांत, शाळा बंद झाली.

का? एकच कारण नव्हतं. मोठ्या मठांना ही शाळा पसंत नव्हती. ल्हासातली सेरा, द्रेपुंग आणि गांदेन ही तीन महाविहारं म्हणजे हजारो भिक्षू आणि प्रचंड जमीनजुमला. शिक्षण, राज्यकारभार आणि धर्म हे तिन्ही त्यांच्या हातात होतं. इंग्रजी शिकलेला, गणित येणारा, मठात न गेलेला अधिकारी म्हणजे त्यांच्या दृष्टीने उद्याचा स्पर्धक. शिवाय सैन्य वाढवायचं तर कर वाढवावा लागणार, आणि तो मठांच्या इस्टेटीवर येणार. त्यामुळे सैन्य, पोलीस आणि इंग्रजी शाळा हे तिन्ही त्यांना एकाच संकटाचे तीन भाग वाटले. १९२५ मध्ये आधुनिकीकरणवादी सेनापती त्सारोंग यांना पदावरून दूर केलं गेलं आणि पुढच्याच वर्षी शाळेवर पडदा पडला. मुलांचं तिबेटी कच्चं राहतंय, हाही एक आक्षेप होता.

हा शेवटचा आक्षेप मात्र मला हसण्यावारी न्यावासा वाटत नाही. आपल्याकडे पाचवीतल्या पोराला 'एकोणसत्तर' म्हणजे किती ते सांगता येत नाही तेव्हा आपल्यालाही नेमकं हेच वाटतं. भाषा कच्ची राहण्याची भीती खोटी नसते. फक्त ती भीती कोण पुढे करतंय आणि त्याआडून काय वाचवतंय हे बघावं लागतं.

लडलो नाराज होऊन परतला. तिबेटला या निर्णयाचा पुढे पश्चात्ताप होईल, अशा अर्थाचं त्याने डायरीत लिहून ठेवलं. नंतर तो काश्मीरमध्ये राहिला आणि जॉर्ज शेरिफबरोबर भूतान-तिबेटच्या डोंगरांत वनस्पती गोळा करत हिंडला. आज जगाला तो वनस्पतींचा संग्राहक म्हणून माहीत आहे, मास्तर म्हणून नाही.

१९४४ मध्ये ल्हासातच दुसरा प्रयत्न झाला. रेजिनाल्ड पार्कर नावाचा हेडमास्तर आला, चाळीसेक मुलं आली. मठांनी पुन्हा विरोध केला, आणि या वेळी तर मुलांना बळजबरीने उचलून नेण्याच्या धमक्या आल्या. काही महिन्यांतच शाळा बंद.

बंदी घातली, मग काय झालं?

मला या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. ल्हासातली शाळा बंद झाली म्हणून ल्हासातल्या बड्या घरांनी इंग्रजी सोडली का? छे! त्यांनी आपली पोरं दार्जिलिंग-कालिम्पाँगच्या मिशनरी शाळांत पाठवली. रिंचेन डोल्मा तारिंग या तर १९२० च्या दशकातच दार्जिलिंगला इंग्रजी शिकल्या होत्या. म्हणजे बंदीमुळे इंग्रजी थांबली नाही, ती फक्त खाजगी झाली. ज्याच्याकडे खेचरं आणि पैसा, त्याच्याकडे इंग्रजी.

ओळखीचं वाटतंय ना? पश्चिम बंगालमध्ये डाव्या सरकारने १९८० च्या दशकात सरकारी प्राथमिक शाळांतून इंग्रजी काढली. हेतू चांगला होता, मातृभाषेतून शिक्षण. पण ज्यांना परवडत होतं त्यांनी खाजगी इंग्रजी शाळा गाठल्या आणि अखेर सरकारला इंग्रजी परत आणावी लागली. महाराष्ट्रात २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मराठी बुडणार वगैरे. माझं मत विचाराल तर त्या निर्णयामागचा प्रश्न बरोबर होता: श्रीमंताच्या पोराला जे विकत मिळतं, ते जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पोराला का मिळू नये? ते नीट शिकवलं गेलं का, हा वेगळा आणि जास्त अवघड प्रश्न.

तिबेटला याची किंमत १९५० मध्ये मोजावी लागली. ऑक्टोबरमध्ये चिनी फौजा चामदोत शिरल्या. नोव्हेंबरमध्ये तिबेटने संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केला. तो विषय सभेत मांडला कुणी, तर एल साल्वाडोरने! चर्चा पुढे ढकलली गेली ती ढकललीच. जगाशी इंग्रजीत बोलू शकणारी तिबेटी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बिनतारी यंत्रावर बसलेले रॉबर्ट फोर्ड आणि रेजिनाल्ड फॉक्स हेसुद्धा नोकरीवर ठेवलेले इंग्रज. फोर्ड तर चामदोजवळ पकडला गेला.

इथे एक काळजी घ्यायला हवी. 'शाळा चालली असती तर तिबेट वाचला असता' असं मी म्हणत नाहीये. लाखोंच्या फौजेपुढे व्याकरण चालत नाही. शेजारच्या भूतानने १९६० च्या दशकात इंग्रजी माध्यम स्वीकारलं, त्यासाठी भारतातून शिक्षक बोलावले (परदेशी जाऊन इंग्रजीत शिकवणारे भारतीय मास्तर, बघा!), दार्जिलिंगहून फादर मॅकी १९६३ मध्ये गेले, आणि १९७१ मध्ये भूतान संयुक्त राष्ट्रांचा सभासद झाला. पण भूतानच्या पाठीशी १९४९ चा भारताबरोबरचा करार होता, तिबेटच्या पाठीशी तसलं काहीच नव्हतं. तेव्हा श्रेय एकट्या इंग्रजीला देता येत नाही. एवढंच म्हणता येईल की भूतानला जगासमोर आपली बाजू मांडायला आपली माणसं मिळाली. तिबेटकडे ती पुरेशी नव्हती, आणि ती तयार करणारी शाळा त्यांनी स्वतःच दोनदा बंद केली होती.

निर्वासनात उघडलेला वर्ग

१९५९ मध्ये चौदावे दलाई लामा भारतात आले. नेहरूंशी मुलांच्या शिक्षणाबद्दल बोलणं झालं. नेहरूंचं म्हणणं असं की या मुलांना आपला इतिहास-संस्कृती नीट यायला हवी आणि आधुनिक जगाचंही शिक्षण हवं, त्यासाठी माध्यम इंग्रजी ठेवावं. ३ मार्च १९६० ला मसुरीत पहिली तिबेटी शाळा सुरू झाली, सुरुवातीला पन्नास विद्यार्थी. ती चालवणारे होते जिग्मे तारिंग, आणि त्यांच्या पत्नी म्हणजे दार्जिलिंगला शिकलेल्या त्याच रिंचेन डोल्मा. ल्हासातल्या श्रीमंतांनी स्वतःपुरतं विकत घेतलेलं इंग्रजी शेवटी अनाथ, फाटक्या कपड्यांतल्या पोरांच्या कामी आलं. १९६१ मध्ये भारत सरकारने तिबेटी शाळांसाठी स्वतंत्र संस्था काढली. मग वसाहती वाढत गेल्या आणि १९७२ मध्ये ही साखळी इटियाडोहच्या काठाला येऊन लागली.

म्हणजे बघा, जे ग्यान्त्सेला तीन वर्षं टिकलं नाही, ते निर्वासित म्हणून राहताना साठ वर्षांहून जास्त टिकलं. फरक कशाचा? एक म्हणजे अडवणारी सत्ता उरली नव्हती. दुसरं म्हणजे या वेळी तिबेटी भाषा आणि इंग्रजी एकाच इमारतीत शिकवली जात होती, एकीचा बळी देऊन दुसरी नाही. तरीही तिबेटी कच्चं राहण्याची जुनी भीती परत आलीच. म्हणून १९८५ पासून 'टीसीव्ही' म्हणजे तिबेटी बालग्रामांच्या शाळांनी प्राथमिक वर्ग तिबेटी माध्यमात नेले आणि २००४ च्या निर्वासित सरकारच्या शिक्षण धोरणात मातृभाषेला अग्रक्रम मिळाला. आधी आपली भाषा पक्की, मग इंग्रजी, पण इंग्रजी सगळ्यांना. १९२६ चा आक्षेप त्यांनी फेकून दिला नाही, त्याचं उत्तर काढलं.

आणि आता चक्र उलटं फिरलंय. धर्मशाळेत १९९७ पासून चालणाऱ्या 'ल्हा'सारख्या संस्थांत अमेरिकेचे, युरोपचे तरुण स्वखर्चाने येऊन तिबेटी निर्वासितांशी इंग्रजीत गप्पा मारतात, म्हणजेच शिकवतात. ज्या मास्तराला १९२६ मध्ये परत पाठवलं, त्याची नातवंडं आता फुकटात येतात!

पण यातही एक मेख आहे. इंग्रजी आली की दरवाजा दोन्ही बाजूंनी उघडतो. १९९० मध्ये अमेरिकेने तिबेटींसाठी १,००० व्हिसा दिले, मग कॅनडा, स्वित्झर्लंड, युरोप. २००९ च्या त्यांच्या गणनेत भारतात सुमारे ९४ हजार तिबेटी होते. त्यानंतर संख्या घटतच गेली. वसाहतींत म्हातारी माणसं आणि लहान पोरं, मधली पिढी बंगळुरात, न्यूयॉर्कमध्ये, टोरोंटोत. जी भाषा जगासमोर आपली बाजू मांडायला घेतली, तीच भाषा माणसं वसाहतीतून बाहेर नेतेय. यावर आपण त्यांना काही शहाणपण शिकवावं अशी आपली परिस्थिती नाही. भंडारा-गोंदियाच्या आसपासची आपली पोरं तरी कुठे राहिलीत? मी हे लिहितोय तेसुद्धा हिंजवडीजवळच्या एका फ्लॅटमधून.

माझ्यापुरता निष्कर्ष असा. इंग्रजीचा मास्तर हा देवदूतही नव्हे आणि आक्रमकही नव्हे. तो एक माणूस आहे, ज्याला कुणीतरी बोलावतं आणि कुणीतरी परत पाठवतं. बघायचं ते वर्गाचं दार कोण उघडतंय, आत कोणाच्या पोरांना घेतलं जातंय आणि दार बंद झालं तर मागच्या दाराने कोण आत जातंय. ग्यान्त्सेला समोरचं दार बंद झालं तेव्हा मागचं दार फक्त श्रीमंतांना सापडलं. भाषेच्या नावाने आपल्याकडे पुढच्या वेळी भांडण होईल (होईलच) तेव्हा एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

असो. कधी नवेगावबांधला पक्षी बघायला गेलात तर वाट थोडी वाकडी करून गोठणगावलाही जाऊन या. धरण बघा, वसाहत बघा. कुणी आजोबा भेटले तर 'ताशी देलेक' म्हणा, मग मराठीत बोलायला हरकत नाही. जमलं तर शाळेत जाणाऱ्या एखाद्या पोराला विचारा, मोठेपणी कोण व्हायचंय. उत्तर बहुधा आपल्या पोरांसारखंच असेल.